साहेबरावमामांचं 'म्हणे'

साहेबरावमामा कोणतंही वाक्य मोकळं सोडत नसत. शेवटी 'म्हणे' बांधूनच ते तोंडाबाहेर काढत. अमक्याच्या पोरीचं जमलं म्हणे. तमक्यानं पक्ष बदलला म्हणे. एकदा मी त्यांना तब्येत विचारली, तर म्हणाले, "बरी हाय म्हणे." कोण म्हणतं, असं विचारल्यावर म्हणाले, "डाक्टर. मला इचारशील तर गुडघा लई दुखतोय."

गंमत अशी, की याच माणसाचा आवाज निवडणुकीत एकही 'म्हणे' न लावता सगळीकडे फिरायचा. भोंगा बांधलेल्या रिक्षांवरून प्रचार होतो, त्यातला आवाज मामांचा. भरदार, किंचित खरबरीत. ऐकणाऱ्याला वाटावं, आपला एखादा चुलताच समजावून सांगतोय. हा पक्ष असो की तो, मूळचा असो की फुटून निघालेला, आवाज तोच. सकाळी एका चिन्हापुढचं बटण दाबायला सांगणारे मामा दुपारी त्याच चौकात दुसऱ्या चिन्हाची शपथ घालत. शहराचं नावही, जुनं किंवा नवं, ज्याला जसं हवं तसं उच्चारून देत. स्वतः मात्र, मूळचे जवळच्या फुलंब्रीचे असल्यामुळे, नुसतं 'शहरात' म्हणत. आता ते फुलंब्रीलाच सख्ख्या भावाकडे असतात. फारसं बोलत नाहीत.

आमची ओळख शहागंजातल्या एका चहाच्या हॉटेलात झाली. वरच्या मजल्यावर रेकॉर्डिंगचं दुकान, शेजारी डीटीपीवाला. मामा वर आवाज द्यायला यायचे, मी आमच्या कार्यकर्त्यांच्या गटाची पत्रकं टाइप करून घ्यायला. माझ्या घरात वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं येत. अक्षरओळखही मला त्यांच्यावरच झाली. त्यामुळे छापलेल्या शब्दावर माझा जीव, आणि पैसे घेऊन कुणाचाही शब्द बोलणाऱ्या माणसाचा मला राग. मी तो पहिल्याच भेटीत बोलून दाखवला. मामांनी चहाची कपबशी माझ्याकडे सरकवली आणि पत्रक मागितलं.

"जनता पेटून उठली आहे," त्यांनी आपल्या त्या आवाजात वाचलं. थांबले. "म्हणे."

हॉटेल हसलं. भोंग्याची रिक्षा चालवणारे रशीदभाई, मामांचे जुने जोडीदार, हसता हसता मला म्हणाले, "बेटा, बुरा नको मानो. मामू अपने निकाह की बात भी ऐसेच बताते, हुआ बोलके." 'बोलके' म्हणजे त्यांच्या बोलीतलं 'म्हणे'.

मी चिडून म्हणाले, की आम्ही कुणाच्या पैशानं लिहीत नाही. त्यावर मामांनी जे सांगितलं ते मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पूर्ण पटलेलं नाही. "म्हणून तर लावायचं, पोरी. इकत घेतलेलं बोलणं लोक तपासून बघत्यात. फुकटचं लगेच खरं मानत्यात."

लोकसभेची निवडणूक जवळ आली तसे ते वाद तापत गेले. कुणी खात्यात येणाऱ्या पैशांची बाजू घ्यायचं, कुणी धर्माची, कुणी संविधानाची. मी सांगायचे, की जो नेता 'मी देतो, मी देतो' म्हणतो तो नागरिकाचा मागता करून ठेवतो. रशीदभाई म्हणायचे, मागत्याला तरी पाच वर्षांतून एकदा कुणी विचारतं. मामा कुणाचीच बाजू घेत नसत. त्यांचा एकच आग्रह होता. जो बोलला त्याचं नाव वाक्याला लावावं, आणि नाव माहीत नसेल तर म्हणे लावावं. नेत्याचं बोलणं आपल्या तोंडात आलं की ते आपलंच वाटायला लागतं, आणि मग त्याच्यासाठी आपण शेजाऱ्याशी भांडतो, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, मग भोंग्यात का लावत नाही? ते म्हणाले, "तिथं मी नसतोच ना. तिथं नुसता गळा असतोय."

त्या वर्षी तो भेद पुसला गेला.

एका उमेदवाराचं, त्याला सगळे भाऊ म्हणत, रेकॉर्डिंग चाललं होतं. वीज गेलेली, इन्व्हर्टरवर फक्त माईक चालू, खोलीची भट्टी झालेली. मजकूर नेहमीचाच. मामांनी एका दमात तो वाचला, दुकानदारानं पुन्हा न ऐकता पेनड्राइव्ह भरले आणि रिक्षा सुटल्या. आमच्या भागात नळाला पाणी आठवडा उलटल्यावर येतं. बायका रिकामे हंडे घेऊन ओट्यावर बसलेल्या असताना भोंगा गल्लीत शिरला आणि म्हणाला, "भाऊ दिल्लीत गेले, की शहराला दररोज पाणी येणार, म्हणे."

आधी एक बाई हसली, मग सगळी गल्ली. रिक्षा पुढच्या गल्लीत गेली, तिथंही हसू फुटलं. संध्याकाळपर्यंत तो आवाज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये होता. मी हरखून गेले होते. आमच्या सगळ्या पत्रकांना जे जमलं नव्हतं ते दोन अक्षरांनी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी कळलं, की मामांचा मुलगा किरण घरी बसला आहे. किरण कंत्राटावर व्हॉल्व्हमन होता. कोणत्या गल्लीला पाणी कधी सोडायचं, त्या चाव्या फिरवायचं त्याचं काम. ठेकेदार भाऊंचा माणूस. त्यानं किरणला विचारलं, तुझा बाप हे तुझ्याकडून आतली खबर घेऊन बोलतो का? आणि सांगितलं, बापानं निस्तरल्याशिवाय कामावर यायचं नाही.

मी शहागंजामागच्या त्यांच्या खोलीवर गेले. किरण भिंतीकडे तोंड करून पडलेला. मला एकच जाणून घ्यायचं होतं: शब्द चुकून गेला, की मुद्दाम?

मामा पायाचं बोट चोळू लागले. मग म्हणाले, "मुद्दाम म्हणलं तर ह्याची नोकरी जाती. चुकून म्हणलं तर मी गाढव ठरतो. हे दोनच रस्ते हायत. तू कुठल्या रस्त्यानं आलीस?"

मी म्हणाले, खरं ते सांगून टाका, आमचा गट तुमच्या पाठीशी उभा राहील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या वाक्याला म्हणे लावलं नाही. लावलं असतं तर बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी शहागंजात भाऊंची कोपरा सभा झाली. मामांना मंचावर उभं केलं आणि हातात कागद दिला. त्यांनी वाचायला सुरुवात केली. "माझ्या तोंडून एक चुकीचा शब्द गेला."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "म्हणे."

हशा पिकला. मामांनी पुढचं वाक्य घेतलं. "भाऊंनी दिलेला शब्द पक्का आहे." आता दहा-बारा आवाज उठले, "म्हणे." तिसऱ्या वाक्याला सगळ्या बाजूंनी 'म्हणे' उठलं. फळांच्या गाड्यांवरून, दुकानांच्या पायऱ्यांवरून, जिन्यातून. माझ्या आजूबाजूची माणसं आनंदानं फुलून गेली होती. कितीतरी निवडणुका ऐकून घेतलेली माणसं पहिल्यांदा उत्तर देत होती. त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. मंचावर भाऊंचं हसू ताणलेलं होतं, आणि त्यांच्या मागे उभा असलेला ठेकेदार गर्दीकडे नाही, मामांकडे पाहत होता.

मामांनी कागद खाली ठेवला. हात जोडले.

"अहो, माझं पोरगं हाय त्याच्यात. गप बसा."

माईक चालू होता. एका क्षणात सगळं गप्प झालं. ही माफी कुणी, कशाच्या बदल्यात वाचायला लावली, ते प्रत्येकाला कळलं. हेही कळलं, की मामांनी स्वतःच्या तोंडानंच ते सांगून टाकलं. भाऊंनी माईक ओढून घेतला आणि आमचा हा माणूस फार भावनिक आहे असं काहीतरी बोलले. टाळ्या पडल्या नाहीत. किरणला ठेकेदारानं त्याच रात्री फोन करून कायमचं थांबवलं.

आमच्या गटात 'माझं पोरगं हाय त्याच्यात' हे वाक्य पत्रकावर घ्यायचं ठरत होतं. छापू नका, असा मामांचा निरोप आला. एकजण म्हणाला, वाक्य आता त्यांचं राहिलं नाही, लोकांचं झालं. मी म्हणाले, ज्याचं आहे त्याचं नाव लावावं लागेल आणि नाव लावलं की मामा मरतात. आमचा वाद मिटायच्या आत समोरच्या पक्षानं ते रिक्षावर चढवलं. सभेतला मामांचा आवाज, आणि पाठोपाठ एका बाईचा: भीतीला मत देऊ नका.

तोवर शहागंजात पोरंसोरं मामांना पाहिलं की 'म्हणे' ओरडायला लागली होती. म्हणून ते शहराच्या दुसऱ्या टोकाला मेव्हण्याच्या रिकाम्या खोलीत राहायला गेले. तिथं त्यांना तोंडावरून कुणी ओळखत नव्हतं. आवाजावरून ओळखलं असतं, म्हणून ते बोलत नसत. भाजीवाल्याकडे मामी जायच्या. दारावर कुणी आलं तर किरण उत्तर द्यायचा. मी गेले तेव्हा दुपार होती, दार-खिडकी लावलेली, आत घाम आणि अंधार. मामा माझ्याशी कुजबुजत बोलत होते. तो आवाज कुजबुजीत मावत नव्हता.

तेवढ्यात लांबून भोंगा आला. अहो, माझं पोरगं हाय त्याच्यात. पुन्हा एकदा, जवळून. किरण उठला, आधीच लावलेली खिडकी त्यानं परत दाबली. रिक्षा गल्लीत शिरली. मी फटीतून पाहिलं, रशीदभाई होते; त्यांना ही खोली माहीत होती. ज्यानं भाड्यानं घेतली त्याचा भोंगा ते वाजवणार. मामांच्या दाराच्या थोडं अलीकडे त्यांनी हात मागे नेऊन आवाज बंद केला. मान खाली घालून, दाराकडे न बघता, रिक्षा हळूहळू पुढे नेली. चार घरं गेल्यावर भोंगा परत सुरू झाला.

 मी म्हणाले, रशीदभाई माणूस सोन्यासारखा आहे.

मामा फटीतून बाहेर पाहत होते. समोरच्या ओट्यावरच्या दोन बाया उठून उभ्या राहिल्या होत्या. आवाज जिथं बंद झाला ते दार त्या निरखून पाहत होत्या.

"बंद कशाला केला त्यानं," मामा कुजबुजले. "आता कळलं की घर."