रिपिटिशन आहे, मुबारक हो

वर्गात कोणी हुशारी दाखवली की मुकादम सर खुर्चीतून उठून हात मिळवायला यायचे. "मेटाफर सापडला? मुबारक हो, मोहतरमा! घरी कळवा. आता सांगा, तो तिथं काय करतोय? बोंबलासारखा वाळत घातलाय का?" एकदा हात मिळवलेला माणूस पुढे महिनाभर तोंड उघडत नसे.

म्हसळ्याच्या आमच्या कॉलेजात ते इंग्रजी शिकवायचे. म्हणजे आम्हाला हवं ते सोडून बाकी सगळं करायचे. आम्हाला हव्या होत्या नोट्स. शेजारच्या वर्गातले सर नोट्स सांगत, पोरं उतरवून घेत, पास होत, आणि कवितेला कुणाचाही त्रास होत नसे.

नापास होणं मला परवडणारं नव्हतं. आमच्या भातशेतीच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. घरात ठरलेलं होतं, एक विषय जरी राहिला तरी कॉलेज बंद आणि लग्न. स्थळ तयारच होतं. मुलगा नवी मुंबईत, गाडीला काळ्या काचा, आणखी काय पाहिजे? आणि कवितेच्या पेपरात मी पहिल्याच चाचणीत आपटले होते.

कविता ग्रीक दंतकथेवरची, पण लिहिलेली आत्ताच्या काळात. मूळ कथेत बाप मुलाला मेणाने चिकटवलेले पंख करून देतो, मुलगा सूर्याच्या फार जवळ जातो, मेण वितळतं आणि तो समुद्रात पडतो. या नव्या कवितेत बाप बोलतो. 'फार वर जाऊ नकोस' हेच तो ओळीमागून ओळ सांगत राहतो. मुलगा पडल्यानंतरही.

"सर, रिपिटिशन," मी म्हटलं.

"मुबारक हो. पण का? कवीला दुसरं वाक्य येत नव्हतं का?"

मी खाली बसले.

त्याच आठवड्यात बाबा कॉलेजात आले. स्टाफरूमच्या दारात त्यांनी चपला काढल्या.

"सर, पोरगी पास व्हईल ना?"

"वाचते ती. बघू."

"व्हय, वाचते. पन पास व्हईल ना?"

"ते नाही सांगता येत. नापास झाली तर का झाली, हे मात्र तिला नक्की कळेल."

"ते कळून काय करू, सर? तेवढी पास व्हऊ द्या."

बाबा जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. "तेवढं पास व्हायचं बघा, सर."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. बाबा गेल्यावर सरांनी चष्मा पुसत विचारलं, "तुझ्या वडिलांना दुसरं वाक्य येत नाही का?"

माझं डोकंच फिरलं. "येतं की! पण दुसरं काय आहे त्यांच्या हातात?"

"हं," सर म्हणाले. "हे परीक्षेत लिही."

लिहिलं. बापाच्या हातात आता काही उरलेलं नाही. बोलायचा थांबला तर मुलगा खरंच पडला असं होईल, म्हणून तो थांबत नाही. चांगलं दीड पान लिहिलं. 'रिपिटिशन' हा शब्द मात्र एकदाही लिहिला नाही.

काठावर पास झाले. काळ्या काचांची गाडी दुसऱ्या दारात गेली. गाइड पाठ करणाऱ्यांना भरघोस मार्क पडले. त्यांनी सगळ्या अलंकारांची नावं लिहिली होती, कवितेत नसलेल्यांचीसुद्धा.

"नवरदेवाचं नाव न घालता पत्रिका छापलीस," सर म्हणाले. "परीक्षक बिचारा कुणाला शोधणार?"

आमच्या वर्गाचा निकाल कमी लागला म्हणून कॉलेजने तो पेपर सरांकडून काढला आणि नोट्सवाल्या सरांना दिला. कवितेला पुन्हा शांतता लाभली.

पदवी हातात पडली तेव्हा सर रिटायर होऊन घरी होते. ती दाखवायला मी त्यांच्या घरी गेले. दोन वाक्यं बोलली की त्यांना दम लागायचा. ती आमची शेवटची भेट. पुढच्या रमजानआधीच ते गेले.

"वडील काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. हात धुऊन आले, कागद घेतला आणि ओटीवर बसून राहिले."

"एक शब्द नाही?"

"नाही."

"यालाही नाव आहे बरं का. सांगू?"

"नको, सर."