कारण : वयोमान

भंडाऱ्याच्या एका खाजगी दवाखान्यात गुडघेदुखीच्या नव्या गोळीची चाचणी चालली होती. गोळी घेणाऱ्यांच्या घरी जायचं, काय त्रास झाला ते विचारायचं आणि फॉर्मवर लिहायचं, ही माझी नोकरी. त्यांच्यात करडी गावची एक बाई होती. वय बेचाळीस, शाळेत खिचडी शिजवायची.

तिसऱ्या भेटीत ती म्हणाली, "मॅडम, कानात रातकिडे ओरडून राहिले जी. पोरं भात मागतेत तं आयकूच येत नाही. गोळी बंद करू का?"

"डॉक्टरांना विचारून सांगते," मी म्हटलं आणि तिचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

संध्याकाळी डॉक्टरांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "हे औषधानंच झालं, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही, सर. पण तिला त्रास..."

"मग त्रास लिहा ना. कारणापुढे वयोमान लिहा. आणि गोळी चालू ठेवायला सांगा."

मी लिहिलं. सही केली. आणि दुसऱ्या दिवशी फोन करून तिला गोळी चालू ठेवायला सांगितलं.

दिवाळीपर्यंत तिचे दोन्ही कान गेले. शाळेनं दुसरी बाई ठेवली. चाचणीचा अहवाल छापून आला तेव्हा दवाखान्यात पेढे वाटले. अहवालात वाक्य होतं : गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत. पेढा मीही खाल्ला.

आठ दिवसांनी नोकरी सोडली आणि करडीला गेले. ती अंगणात तांदूळ निवडत होती. मी हळू आवाजात बोलायला लागले, तर ती नुसती माझ्या ओठांकडे पाहत राहिली. शेवटी मला ओरडावं लागलं, "चूक माझी आहे! मी खोटं लिहिलं!" शेजारच्या बाया दारात आल्या.

तिनं सूप बाजूला ठेवलं. "काहून लिहिलं जी?"

नोकरी जाईल म्हणून, हे मला ओरडून सांगता आलं नाही.

आम्ही दोघींनी मिळून तक्रार केली. चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या समितीचं उत्तर माझ्या नावानं आलं : फॉर्मवर आपलीच सही असून नोंद नियमानुसार आहे.

गोळी आता तुमसरच्या औषध दुकानातही मिळते. मी एक पाकीट विकत घेऊन आतला कागद भिंगाखाली धरून वाचला. मळमळ, डोकेदुखी, तोंडाला कोरड. कानांबद्दल एक अक्षर नाही.