नत्थुजींची महागडी गोळी

नत्थुजींचा आवाज असा, की अकोटच्या बाजारात त्यांनी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीचा भाव पुकारला की पलीकडच्या ओळीतल्या गिऱ्हाइकाचीही मान वळायची. या आवाजावर भाळूनच गेल्या निवडणुकीत खुशालरावांनी त्यांना प्रचाराच्या ऑटोत बसवलं आणि हाती माईक दिला. खुशालरावांचं म्हणणं एकच होतं. गरिबाला दवाखाना परवडला पाहिजे. निवडून आलो तर सरकारी दवाखान्याच्या आवारात स्वस्त औषधांचं दुकान उघडतो. औषध तेच, भाव निम्म्याहून कमी. नत्थुजींनी पंधरा दिवस हे गावोगाव इतकं पुकारलं, की वांगी विकतानाही तोंडातून ‘औषध तेच’ निघायचं.

खुशालराव निवडून आले आणि त्यांनी नत्थुजींचा घात केला. म्हणजे, दिलेला शब्द पाळला. चार महिन्यांत दुकान उघडलं.

पंचाईत अशी, की नत्थुजींना बीपी होतं. थोरले भाऊ देवमन लकव्यानं दोन वर्षं खाटेवर पडून गेले होते, त्यामुळे या दुखण्याची त्यांनी धास्तीच घेतली होती. त्यात चाळीस वर्षं भाजीत गेलेली. दिवस कलला की कोमेजलेला सांबार अर्ध्या भावात काढून टाकायचा, हा तर त्यांच्याच धंद्याचा रिवाज. मग अर्ध्या भावातली गोळी कुठल्या तरी संध्याकाळची उतरलेलीच असणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. पुकारणं लोकांसाठी ठीक होतं, पण नसा स्वतःच्या होत्या.

म्हणून ते मोठ्या रस्त्यावरच्या दुकानातून चकचकीत पाकिटातली महागडी गोळी आणत आणि बंडीच्या आतल्या खिशात लपवत. महाग म्हणून जपून वापरत. एक दिवस घ्यायची, एक दिवस सोडायची. या शहाणपणावर ते मनातल्या मनात खूशही होते.

गंगूबाईंनाही, म्हणजे त्यांच्या बायकोलाही, बीपी होतं. नवऱ्यानं पुकारलेलं खरं मानून ती बाई पहिल्याच आठवड्यात स्वस्त दुकानाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. नत्थुजींनी तिला अडवायचं कोणत्या तोंडानं? ते गप्प बसले. वर्षभर गप्प बसले.

दुकानाला वर्ष झालं तेव्हा खुशालरावांनी दवाखान्यापुढे मांडव घातला. ज्यानं पुकारलं त्याचीच तब्येत लोकांना दाखवू, असं म्हणून त्यांनी या जोडप्याला मंचावर बसवलं. डॉक्टर पौर्णिमाताईंनी आधी गंगूबाईंचं बीपी मोजलं. अगदी बरोबर निघालं, टाळ्या पडल्या. मग नत्थुजींच्या दंडाला पट्टा बांधला. ताईंनी एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं आणि हळूच विचारलं, “काका, गोळी रोज घेता ना?”

रोज घेतो, दुकानातलीच घेतो, असं नत्थुजींनी ठोकून दिलं. घाम पुसायला बंडीतून रुमाल ओढला, तर रुमालाबरोबर ते चकचकीत पाकीट टेबलावर येऊन पडलं.

ताईंनी ते उचललं आणि गंगूबाईंच्या पिशवीतल्या पाकिटाशेजारी धरलं. दोन्हींवर बारीक अक्षरांत औषधाचं नाव एकच होतं. एक दिवसाआड घेतल्यानं बीपी एकशे नव्वदवर गेलंय, भावासारखंच व्हायचं होतं का, असं त्या रागावूनच म्हणाल्या. खुशालरावांनी समजूतदारपणे माईक बाजूला सारला. लोक हसत होते आणि नत्थुजीही ओशाळं हसत होते. आपण गाढव ठरलो, एवढ्यावर निभावलं असं त्यांना वाटलं. आपल्या डोक्यातली ती अर्ध्या भावातल्या सांबाराची गोष्टही त्यांनी ताईंना सांगून टाकली.

गंगूबाई तेवढ्या हसत नव्हत्या. त्या आपल्या स्वस्त पाकिटाकडे पाहत होत्या.

“म्हंजे हे गोयी तुमाले खराब वाटे,” त्या म्हणाल्या, “अन् मले वर्षभर खाऊ देली तुमी?”

अख्ख्या बाजाराला ऐकू जाणारा तो माणूस मान खाली घालून रुमालाच्या घड्या घालू लागला. लाज वाटली ती बीपीची नव्हे.

आता दोघांची गोळी एकाच स्वस्त पाकिटातून निघते. कुणी विचारलं तर नत्थुजी ही सगळी हकिगत स्वतःच सांगतात, स्वतःला यथेच्छ शिव्या घालत. फक्त गंगूबाईंच्या त्या प्रश्नापाशी आले की थांबतात आणि जुड्यांवर पाणी शिंपडू लागतात. त्याचं उत्तर त्यांनी तिला अजून दिलेलं नाही.