नाताळचं ताट

फोन आला तेव्हा मी अंगणात तूर वाळत घालत होते. अनोळखी नंबर. नांदेडच्या दवाखान्यातली नर्स विचारत होती, रत्नमालाबाईंच्या बहीण का तुम्ही? मी म्हणाले, न्हाई, धाकटी जाऊ. तर ती म्हणाली, कागदावर त्यांनी स्वतः बहीण लिहायला लावलंय. आणि मग सांगितलं, की बाई पहाटे गेल्या... "हाव, बहीणच," एवढंच मला बोलता आलं. आता दीड महिना होत आला. भोकर तालुक्यातल्या आमच्या गावात अक्कांचं नाव कुणी काढत नाही, म्हणून मीच लिहायला बसले आहे. अंगणवाडीत आयुष्यभर पोरांना गोष्टी सांगितल्या, पण ही सांगताना जीव घाबरा होतोय.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. मूलबाळ नव्हतं. दोन्ही भावांची घरं लागून, मध्ये एक भिंत आणि अंगणात कमरेएवढा कठडा. दीर दोन वर्षं अंथरुणाला खिळले होते, तेव्हा नांदेडच्या ख्रिस्ती मंडळीतल्या दोन बाया दर आठवड्याला येऊन त्यांचं अंग पुसून द्यायच्या, प्रार्थना करायच्या. आम्ही भाऊबंद दारातूनच विचारपूस करून परतायचो. दीर गेल्यावर अक्का त्या बायांबरोबर जाऊ लागल्या आणि पुढं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गाव म्हणतं, काहीतरी देऊन नेलं त्यांना. अहो, मी भिंतीला भिंत लावून राहिले, काय दिलं ते मला ठाऊक आहे. आजारी माणसाचं अंग पुसलं, एवढंच.

रविवारी अक्कांच्या ओसरीवर प्रार्थनेला सात-आठ बाया जमायच्या. एका रविवारी गावातली पंधरा-वीस माणसं तिथं शिरली. सतरंज्या रस्त्यावर फेकल्या, पुस्तकं फाडली, ढोलकी पायानं फोडली. वर तक्रार अक्कांवरच, की आमिष दाखवून बाटवतात. त्या दिवसभर ठाण्यात बसून होत्या. आमचे हे त्या गर्दीत होते. आपण काही फेकलं नाही असं ते सांगतात, आणि ते खरंही असेल, पण त्यांनी कुणाला अडवलंही नाही. मी तर खिडकीच लावून घेतली होती. त्यानंतर गावानं अक्कांशी घेणं-देणं बंद केलं. ओसरीवरच्या बाया भिऊन यायच्या थांबल्या. गिरणीवाल्यानं ज्वारी परत पाठवली, तेव्हा अक्का डबा घेऊन जीपनं भोकरला दळायला जाऊ लागल्या. एकदा कठड्यावरून मला म्हणाल्या, "बरंच झालं की, तारा. दळणाच्या निमित्तानं माझं भोकर बघणं व्हायलंय." आणि हसल्या. मला त्या हसण्याचा लई राग यायचा. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दर रविवारी त्या एकट्याच गायच्या. ढोलकी गेली म्हणून घागर पालथी घालून तीच वाजवायच्या. आवाज म्हणजे... खरं सांगते, सुराशी त्यांची आयुष्यात ओळख झाली नाही. पण सगळी ओसरी भरलेली असल्यासारख्या मोकळ्या गळ्यानं गायच्या. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून मला सगळी गाणी पाठ झाली. भाकरी थापता थापता एखादी ओळ ओठांवर यायची आणि मी चपापून दाराकडं बघायचे.

नाताळच्या सकाळी मात्र अक्का आमच्या ओळीतल्या प्रत्येक घरी ताट घेऊन जायच्या. करंज्या, शंकरपाळे, वर विणलेला रुमाल. आमच्याकडं कुणाचं ताट रिकामं परत करत नाहीत. मूठभर साखर, नाहीतर गहू, काहीतरी घालून देतात. आणि भरलेलं ताट न शिवता परत करणं म्हणजे तोंडावर दार लावणंच. सगळ्या गावानं ते केलं, मीही केलं. त्या परत आलेल्या करंज्या अक्का एकट्याच पुढं कितीतरी दिवस खात बसायच्या.

तिसऱ्या वर्षी घरात मी एकटी होते. ताट कठड्यावर ठेवून अक्का गेल्या होत्या. परत करायचं म्हणून उचललं आणि तूप-वेलचीचा वास आला. उभ्या उभ्याच एक करंजी खाल्ली. मग दुसरी. उरलेल्या डब्यात काढल्या, ताट धुतलं, पुसलं आणि हाताला सवयच अशी, की साखरेची मूठ त्यात पडली. कठड्यावर ठेवून आत आले तेव्हा कुठं ध्यानात आलं, काय करून बसले ते. मग पलीकडं घागर वाजायला लागली. रविवार नव्हता तरी संध्याकाळपर्यंत त्या गात होत्या...

गोष्ट इथंच संपली असती तर मी बरी ठरले असते. पण कुणीतरी कठड्यावरची साखर बघितली होती. पारावर यांना टोमणे बसले, घरात चार दिवस अबोला झाला. पुढच्या नाताळला मी ताट भरलेलंच परत नेलं, तेही चारचौघांच्या देखत. अक्कांनी ते घेतलं. हलक्या आवाजात म्हणाल्या, "असू दे. एकदा साखर आली न्हवं? मला लई दिवस पुरंल ती." त्या मनापासून बोलत होत्या, हेच मला आजवर सोसत नाही.

गेल्या वर्षी त्यांना पोटाचं दुखणं लागलं. नाताळच्या सकाळी मी दहादा अंगणात गेले. कठडा रिकामाच. आपण वाट बघतोय हे कळलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली. चुलीवर कढई ठेवली, करंज्या तळल्या, ताट भरलं आणि पुढच्या दारानं, रस्त्यावरून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या घरी गेले. हे ओट्यावर बसले होते. पाय आखडून त्यांनी मला वाट दिली.

अक्का खाटेवर होत्या, हाडांचा सापळा नुसता. ताट बघून उठायला लागल्या, उठवेना. करंजीचं टोक मोडून जिभेवर ठेवलं आणि सारण कमी पडलंय म्हणाल्या. त्याही अवस्थेत माझी चूक काढली! बाकीच्या मी त्यांच्या डब्यात ओतल्या आणि निघाले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"ताट ठेव इथं. रिकामं कसं नेतीस? घरात साखर न्हाई आज. मी भरून पाठविते."

दोन आठवड्यांनी त्या नांदेडच्या बाया त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. माती नांदेडलाच झाली. गावातून मी एकटीच होते. यांनी मोटारसायकलवरून मला भोकरच्या स्टँडपर्यंत सोडलं आणि बस सुटेपर्यंत तिथंच थांबले.

पलीकडच्या घराला आता कुलूप आहे. चावी माझ्याकडं आहे. सून परवा म्हणत होती, आपल्या जोडातलं एक ताट कमी आहे, तिकडून घेऊन या. मी सांगितलं, ते अक्कांकडं आहे. त्या भरून पाठवणार आहेत.