गाडीच्या डाव्या डोळ्यासाठी कवठे महांकाळला

शुक्रवारी सकाळी सात वाजता वाई सोडली. गाडी मी चालवत होते आणि माझ्या मानेचं काम शेजारी बसलेल्या वन्सं करत होत्या. "डावीकडे मोकळं आहे. थांब, स्कूटर येतेय. गेली. आता वळ." पाचवडला महामार्गाला लागेपर्यंत बोलून बोलून त्यांचा घसा कोरडा पडला.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मानेचे मणके स्क्रू घालून जोडले. दुखणं थांबलं, पण मान वळायचीही थांबली. आरसे नीट बघून गाडी चालवायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या यजमानांना, श्रीधरना, दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिससाठी साताऱ्याला न्यावं लागतं. दोन ड्रायव्हर ठेवून पाहिले, दोघेही टिकले नाहीत. येताना हे इतके थकलेले असतात की डोळे मिटून पडून राहतात. मग मीच चालवते. महिन्यापूर्वी पाचवड फाट्यावर डावीकडे वळताना आरशात न दिसलेला एक मोटारसायकलवाला माझ्यामुळे कडेच्या मातीत घसरला. सुदैवाने खरचटण्यावर निभावलं. कपडे झटकत तो काचेपाशी आला आणि म्हणाला, "आवं काकी, जरा मान वळवून बघा की!"

त्या रात्री जेवण गेलं नाही.

नव्या गाड्यांत शेजारून कोणी आलं तर दिवा लावून सांगणारं यंत्र असतं, हे मी ऐकून होते. माझी विजेची गाडी जुनी. शोरूममधल्या मुलीने "या मॉडेलला ते बसत नाही, काकू" असं गोड आवाजात सांगून नव्या गाडीचं पत्रक हातात दिलं. वन्संच्या शाळेतल्या एका जुन्या मैत्रिणीने भूपाल अण्णांचं नाव सुचवलं. फौजेत गाड्यांचं वायरिंग करून निवृत्त झालेले, कवठे महांकाळला स्वतःचं वर्कशॉप असलेले. सोमवारच्या आत परत यायचं, एवढी एकच अट घालून आम्ही निघालो. ह्यांच्या सोबतीला धाकटे दीर येऊन राहिले.

कराडला चार्जिंगसाठी थांबलो. पहिलं यंत्र बंद होतं. दुसरं चालू होतं, पण त्याच्यापुढे एक गृहस्थ गाडी लावून नाश्त्याला गेले होते. तासभर गेला. आम्ही शेजारच्या टपरीवर मिसळ खाल्ली, ती इतकी तिखट की वन्संनी त्या दिवशी पहिल्यांदा मौन धरलं. पुढे पेठ नाक्यावरून आत वळलो, तेव्हा उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारे वाढे (उसाचे शेंडे), आणि फटीतून सुळकन निघणाऱ्या दुचाक्या. आष्ट्यापर्यंत मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं बधिर झाली.

सांगली, मिरज मागे पडली तशी जमीन कोरडी होत गेली. ऊस संपला, द्राक्षबागा आणि बेदाण्यांच्या शेड लागल्या. जाळ्यांवर पसरलेल्या द्राक्षांचा आंबटगोड वास काच खाली केल्यावर गाडीभर झाला.

भूपाल अण्णा साठीचे, ताठ कण्याचे. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी आधी मलाच तपासलं. "ताई, मान किती वळती? दावा." मी दाखवली. वळतच नव्हती, तर दाखवणार काय! त्यांनी मान डोलावली.

"ब्रेक आपोआप लागेल का?" मी विचारलं.

"न्हाई. तुमच्या गाडीच्या ब्रेकात मी हात घालणार न्हाई. उद्या नको तवा लागला तर? ह्ये यंत्र फकस्त सांगणार. ऐकायचं काम तुमचं."

पुढच्या काचेमागे एक कॅमेरा, तो समोरच्या गाडीच्या फार जवळ गेलं की बीप करणार. मागच्या बंपरच्या आत दोन रडार, डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्ही आरशांजवळ एकेक छोटा केशरी दिवा. सीटखालची जाड नारंगी वायर दाखवून अण्णा म्हणाले, "ही मोठ्या बॅटरीची. हिला हात न्हाई लावायचा. आपलं काम छोट्या बॅटरीवर चालतंय."

मुक्काम त्यांच्याच घरी, वरच्या खोलीत. त्यांच्या पत्नी सुनंदाअक्का यांनी सूर्य मावळायच्या आत आम्हाला ताटावर बसवलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाची गरम, पातळ पेज). कराडच्या मिसळीने पोळलेल्या जिभेला ते माडगं औषधासारखं वाटलं. दिवे लागायच्या आत भांडी घासून झाली होती.

शनिवारी दुपारी काम संपलं आणि चाचणीसाठी आम्ही नागजच्या रस्त्याला लागलो. मी गाडीत, अण्णा मोटारसायकलवर. ते उजवीकडून आले आणि आरशाजवळचा दिवा लागला. मला टाळी वाजवावीशी वाटली. मग ते डावीकडून आले. दिवा लागलाच नाही. अचानक मोटारसायकल खिडकीला खेटून पुढे निघाली आणि मी दचकून ब्रेक दाबला. पाचवड फाट्यावर अगदी असंच झालं होतं.

रस्त्याकडेला थांबून अण्णांनी बंपरवर बोटाने टकटक केलं. डाव्या कोपऱ्यात आवाज भरीव येत होता.

"ह्या कोपऱ्याला कवा धक्का लागला हुता?"

"मान जोडल्यावर लगेच," मी म्हटलं. "गाडी मागे घेताना भिंतीला."

"दुरुस्त करणाऱ्यानं बोटभर पुट्टी भरलीया आत. पातळ प्लास्टिकमधनं रडारला दिसतंय, एवढ्या थरातनं दिसंना."

"उजवीकडचं तर चालतंय ना?" वन्संनी विचारलं. "डावीकडे मी बघेन."

"तुमी रोज बसणार हाय का शेजारी?" अण्णा शांतपणे म्हणाले. "ताई, असं अर्धवट यंत्र बसवून मी तुमाला लावून देणार न्हाई. दिवा लागला न्हाई म्हंजे कोण न्हाई, असं तुमी धरणार. त्यापरीस यंत्र नसल्यालं बरं."

नवा बंपर यायला आठवडा लागला असता. सोमवार डोक्यावर होता. अण्णांच्या घरी परतल्यावर मी बाजेवर बसून ह्यांना फोन लावला, पण यंत्राबद्दल काहीच बोलले नाही. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, एवढंच. मग लक्षात आलं, मला रडू येतंय. सुनंदाअक्कांनी काही न विचारता बेदाण्याची वाटी पुढे सरकवली.

दरम्यान अण्णांनी पाच-सहा ठिकाणी फोन फिरवले होते. "मिरजेत माझ्या वळखीच्याकडं याच मॉडेलची एक गाडी मोडीत निघालीया. बंपर धड हाय. पण निळा हाय बगा!"

"चालेल!" वन्सं आणि मी एकदमच म्हणालो.

तो बंपर रविवारी सकाळी बेदाण्याच्या खोक्यांवर आडवा पडून टेम्पोतून आला. दहा वाजता बसला. पुन्हा नागजचा रस्ता. या वेळी अण्णांच्या मागे वन्सं बसल्या होत्या, पदर कमरेला खोचून. मोटारसायकल डावीकडून आली. आरशात काही नव्हतं, आणि दिवा लख्ख लागला. मी गाडी थोडी उजवीकडे घेतली, त्यांना जाऊ दिलं. पुढे गेल्यावर वन्संनी मागे वळून हात उंचावला. मला दिसलं तेवढं दिसलं, डोळे भरून आले होते.

आम्ही निघताना अण्णा म्हणाले, "धूळ-चिखल झाला की बंपर फडक्यानं पुसायचा. आन् आरसा बगायचा सोडायचा न्हाई."

परतीला पेठजवळ दोनदा दिवा लागला, दोन्ही वेळा खरोखर कोणीतरी होतं. एकदा मात्र समोरून आडव्या चाललेल्या मेंढरांच्या कळपाला पाहून कॅमेऱ्याने इतका आरडाओरडा केला की वन्सं त्याला "हो रे बाबा, दिसली" म्हणाल्या. साताऱ्यानंतर त्या चक्क पुस्तक काढून वाचत बसल्या.

संध्याकाळी घरासमोर गाडी लावली. हे काठी टेकत बाहेर आले. चंदेरी गाडीचा निळा पार्श्वभाग बघून हसत सुटले ते पायरीवरच बसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना तसं हसताना पाहिलं.

मी फार प्रवास केलेली बाई नाही. पण या तीन दिवसांनी मला एक गोष्ट कळली. मला भीती गाडीची नव्हती. आपल्यामुळे कोणाला काही होईल आणि ते आपल्याला कळणारही नाही, याची होती. ती पूर्ण गेली असं म्हणणार नाही. पण आता ती माझ्या एकटीच्या मानेवर नाही.

सोमवारी साताऱ्याला ह्यांना आत पोचवलं. एरवी ते चार तास मी दवाखान्याच्या बाकावर बसून परतीच्या रस्त्यातली वळणं मोजत असे. त्या दिवशी गाडी कडुनिंबाखाली लावली, सीट मागे केली आणि झोपले. जाग आली ती नर्सच्या फोनने.

"काकू, काकांचं झालंय. कुठे आहात तुम्ही? केव्हापासून फोन करतेय."

"आलेच," मी म्हटलं, आणि चप्पल शोधू लागले.