बसायची चिठ्ठी

सत्यवतीबाई १९७९ साली आमच्या गावच्या उपकेंद्रात नर्स म्हणून आल्या. गाव अड्याळपासून बरंच आत. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, बाकी सगळं बाईंच्या गळ्यात: लसी, बाळंतपणं, नसबंदीचं टार्गेट. बिडी सोडवण्याचं काम कुठल्याच रजिस्टरात नव्हतं. ते बाईंनी आपणहून अंगावर घेतलं, कारण तुलारामचा खोकला त्यांना उपकेंद्रात बसून ऐकू यायचा.

तुलाराम आमचा सालदार. बिडी सुटली नाही तर छाती जाईल, असं डॉक्टरांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं. बाईंनी त्याला तीनदा बिडी सोडायला लावली. तोंडात टाकायला बडीशेप दिली, बायकोसमोर शपथ घ्यायला लावली, वाटेल तसं रागावल्याही. घरी तो आठ-आठ दिवस बिडीला शिवायचा नाही. शेतात गेला की संपलं.

धानाची कापणी लागली तेव्हा बाई त्याला पकडायला थेट शेतातल्या बांधीत आल्या. तुलाराम धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून बिडी पेटवत होता.

"घरी जमते, मंग इथंच कायले लागते तुले बिडी?"

"बसाले, बाई."

बाईंना काही कळेना. तेवढ्यात माझे वडील पलीकडून दुसऱ्या गड्यावर, धनीरामवर ओरडले, "काहून बसला रे?" धनीरामनं कानावरची बिडी दाखवली. "बिडी पेऊन राहिलो, मालक." वडील पुढे निघून गेले.

आमच्या शेतात बिडीला सुट्टी होती, दमायला नव्हती. मी लहानपणापासून हे बघत होतो आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वडिलांच्या हातात शिक्का मारलेली चिठ्ठी ठेवली. 'तुलाराम. दिवसातून चार वेळा धुऱ्यावर बसणे. बिडी न ओढता.' शिक्क्याच्या कागदापुढे वडिलांचं काही चालायचं नाही. कुरकुरले, पण त्यांनी ऐकलं. त्या कापणीत तुलारामची बिडी सुटली ती कायमचीच.

चिठ्ठी दिल्यावर चार दिवसांनी बाई त्याची छाती तपासायला पुन्हा शेतात आल्या. वडील आणि मी तिथेच होतो. कापणाऱ्या बायांतली गोदावरीबाई विळा घेऊनच पुढे आली.

"बाई, मलेबी चिठ्ठी द्या."

"तुमी कुठं बिडी पेता?"

"नाही पेत. म्हणून तं वीस वर्सांत एकडाव बसली नाही."