खुर्ची उलटी केली होती का?

लास्ट ड्रॉप नावाच्या वस्तीत सगळ्यांना एकच काम असतं, ते म्हणजे काम नसणं. आणि ते सगळे मन लावून करतात. ऑक्टोबरात उत्तरेकडची म्हातारी माणसं थंडीला कंटाळून, आपापली चाकांवरची घरं ओढत ॲरिझोनाच्या या कोपऱ्यात येतात आणि एप्रिलात ऊन चटके द्यायला लागलं की परत जातात. मधल्या दिवसांत कुठे ना कुठे भटकायचं. आज बंद पडलेली खाण, उद्या खजुराच्या बागेतलं दुकान, परवा गरम पाण्याचं कुंड. ज्यांनी आयुष्यभर सोमवारला शिव्या घातल्या, तीच माणसं इथे सोमवारी मुद्दाम लवकर उठतात आणि कशासाठीही नाही म्हणून बाहेर पडतात.

वस्तीत कायदे फारसे नाहीत. कुत्रा बांधून ठेवावा, राजकारण बोलू नये आणि खुर्ची उलटी करावी. पहिले दोन सर्रास मोडले जातात. तिसरा कोणी मोडत नाही.

प्रत्येकाच्या दारासमोर माणशी एक लोखंडी खुर्ची असते. वाळवंटात जाताना ती पाय वर करून ठेवायची, पाठ ज्या दिशेला चाललात त्या दिशेला. परत आलात की आपल्या हाताने सरळ करायची. ज्याची खुर्ची त्यानेच. दुसऱ्याने हात लावायचा नाही, कितीही जवळचा असला तरी. दिवे लागायच्या सुमाराला ज्याची पाळी असेल तो वस्तीतून एक फेरी मारतो, आणि एखादी खुर्ची अजून उलटी दिसली की चर्चा न करता जीप काढली जाते. पूर्वी खुर्च्या प्लास्टिकच्या होत्या. एकदा वाऱ्याने अर्ध्या वस्तीच्या खुर्च्या उलट्या केल्या आणि लोक रात्रभर अशा माणसांना शोधत फिरले, जी आपल्या अंथरुणात घोरत होती. तेव्हापासून लोखंड. वाऱ्याने लोखंडी खुर्ची उलटल्याचं अजून कोणी पाहिलेलं नाही.

आर्डिस हॉवलँडच्या दारात दोन खुर्च्या होत्या. एक तिची, एक ऑर्विनची. ऑर्विन, तिचा नवरा, तीन वर्षांपूर्वी नॉर्थ डकोटातल्या एका दवाखान्यात वारला, पण त्याची खुर्ची कोणी हलवली नाही. नियमच तसा होता. आर्डिसने गावाकडे उभी हयात शाळेची बस चालवली होती. बर्फात रस्ता कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होतं ते कळत नसताना तिने दुसऱ्यांची पोरं बिनचूक त्यांच्या दारात उतरवली होती. म्हणून वाळवंटातही त्यांचा छोटा पिकअप ट्रक तीच चालवायची. ऑर्विन शेजारी बसून सँडविच खायचा आणि दर वळणावर म्हणायचा, "बाईसाहेब, माझा स्टॉप आला की सांगा."

नोव्हेंबरात ती दूध आणायला गावात गेली आणि परतीचा रस्ता तिला आठवेना. एका पोलिसाने तिला घरी आणून सोडलं आणि सज्जन माणूस असल्यामुळे तिच्या मुलीलाही कळवलं. क्रिस्टा मिनियापोलिसला असते. ती फोनवर रडली, मग शांत झाली, आणि शांत झालेली क्रिस्टा जास्त अवघड. म्हणाली, "आई, हा हिवाळा राहा तिथे. पण पुन्हा एकदा जरी असं काही झालं, तर मी ट्रक विकणार आणि तुला इकडे घेऊन येणार." इकडे म्हणजे एका वृद्धनिवासात. त्याची चित्रं तिने पाठवली होती. सगळीकडे गालिचा होता आणि प्रत्येक खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती.

आर्डिस बरं म्हणाली. तेव्हापासून ती अशी जपून वागायला लागली, जसा दारू प्यायलेला माणूस पोलिसासमोरून चालताना जरा जास्तच सरळ चालतो.

जानेवारीतल्या त्या सकाळी ती पूर्वेकडच्या कोरड्या ओढ्यातून निघाली. वरच्या अंगाला खडकात एक खोलगट कुंड आहे, त्यात पावसाचं पाणी महिनोन् महिने टिकतं. तिथे बसायचं, मधमाश्या बघायच्या, जेवायचं आणि परत यायचं. वाटेत ओढ्याला दोन फाटे फुटतात तिथे एक जुनं आयर्नवूडचं झाड आहे. त्या झाडाच्या डावीकडून जायचं. हे ती झोपेतही सांगू शकली असती.

फाटा आला. झाड होतं. पण तिला वाटलं, हे झाड आपण कधी पाहिलेलंच नाही. चुकीच्या वाटेला लागणं वेगळं. ते कोणाचंही होतं. इथे त्या जागेनेच तिला ओळख दाखवली नाही. तिथून सुटायला म्हणून तिने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला, उजवीकडे वळली, आणि मऊ वाळूत ट्रकची मागची चाकं रुतली.

रुतण्याची तिला भीती नव्हती. फावडं होतं, जुन्या पायपुसण्यांचे तुकडे होते. तिने वाळू उपसली, तुकडे चाकांखाली सारले, गाडी चालू केली. ट्रक आणखी खाली गेला आणि कण्यावर टेकून बसला, कोंबडी अंड्यांवर बसते तसा. फोनवर सिग्नलची एकही रेघ नव्हती. मग ती ट्रकच्या सावलीत बसली, कारण नियम तोच आहे: गाडी सोडायची नाही. दिवस मावळला की माणसं येतातच.

ज्यांनी खुर्ची उलटी केलेली असते, त्यांच्यासाठी येतात.

हा विचार तिला उशिरा सुचला, पण एकदा आला तो जाईना. केली होती का?

तिने डोळे मिटले आणि सकाळ आठवून पाहिली. लोखंडाचा गारवा तळहाताला जाणवला. खुर्चीचं वजन मनगटात उतरलं. झालं तर, केली होती. पण हा गारवा आजचा कशावरून? इतक्या हिवाळ्यांच्या सकाळी तिने हेच केलं होतं, आणि त्या सगळ्या सकाळी एकीवर एक अशा चिकटल्या होत्या की वरची सोडवून घेता येईना. आज वस्तीच्या फाटकावरचा झेंडा हलत होता का? नव्हता. वारा पडलेला होता, हे तिला नक्की आठवत होतं. खुर्ची आठवत नव्हती.

तिने हिशेब मांडला आणि मांडल्याचा पस्तावा झाला. खुर्ची उलटी केली असेल, तर लोक येतील, क्रिस्टाला कळेल, ट्रक जाईल. केली नसेल, तर कोणी येणार नाही. मग ट्रक राहील, आपण जाऊ. जानेवारीतली इथली रात्र पाणी गोठवते. दोन्हींपैकी कशासाठी प्रार्थना करावी ते तिला ठरवता येईना, आणि ती चर्चला नियमाने जाणारी बाई होती.

भूक नव्हती, पण हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिने डबा उघडला. आत मेणकागदात गुंडाळलेली दोन सँडविचं होती. एक तिचं. दुसरं तिने उलगडलं आणि वास नाकात गेला. मोहरीची चटणी. आर्डिसला मोहरीचा वासही सहन होत नाही. घरात त्या चटणीची बाटली कुठून आली, कधी आली? मोहरी लावून खाणारा माणूस तिला आयुष्यात एकच माहीत होता.

तिने डबा बंद केला आणि आत काहीतरी जिवंत असल्यासारखा दोन्ही हातांनी दाबून धरला.

मग ती उठलीच. नियम गेला खड्ड्यात. मोहरी लावणारी बाई खुर्चीचं काय लक्षात ठेवणार? समोरच्या टेकाडावर चढलं तर रस्ता दिसेल, रस्त्यावर कोणीतरी असेल. पाण्याची बाटली काखेत धरून ती चढली. वर पोचली तेव्हा दम लागला होता आणि समोर रस्ता नव्हता. टेकाडं होती, त्यांच्या मागे टेकाडं, सगळी एकमेकांची भावंडं. तिने मागे वळून पाहिलं. ट्रकही नव्हता.

तिने आयुष्यात बर्फाची वादळं पाहिली होती. बसमध्ये मागे पोरं आणि समोर पांढरा अंधार, असं कितीदा झालं होतं. तेव्हा ती घाबरायची, पण ते बाहेरचं भय होतं. काच वर करून त्याला बाहेर ठेवता यायचं. हे आत होतं. ट्रक नक्की आणला होता ना? हा प्रश्न तिने स्वतःला खरोखर विचारला, आणि उत्तर यायला जो वेळ लागला त्या वेळात ती जमिनीवर बसली. मोठ्याने म्हणाली, "मी आर्डिस हॉवलँड. मी ट्रकने आले." आवाज ओळखीचा होता, एवढाच आधार. मग वाळूत स्वतःची पावलं दिसली. ती पावलांवर डोळे ठेवून, मान वर न करता खाली उतरली आणि थेट ट्रकच्या दारावर कपाळ आपटलं. असं कपाळमोक्षाचं सुख तिला पूर्वी कधी झालं नव्हतं.

त्यानंतर ती ट्रकमध्ये बसली आणि तिथून हलली नाही. ऊन तांबूस झालं, सावल्या ओढ्याच्या पलीकडे गेल्या. थंडी आधी बोटांत आली. दूर कोल्ह्यांची एक टोळी ओरडून गप्प झाली, आणि ते ओरडणं बरं होतं असं तिला वाटायला लागलं. शेजारच्या सीटकडे तिने एकदाही पाहिलं नाही. तिथे कोणी नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी पाहिलं नाही.

अंधार पडल्यावर जीपचा आवाज आला.

उतरला तो वेंडेल प्रूइट, तिचा शेजारी. मिसुरीचा निवृत्त न्हावी. अजूनही माणसाच्या तोंडाआधी त्याच्या मानेकडे बघतो. त्याच्याबरोबर लुएला होती. ही बाई याच हिवाळ्यात वस्तीत राहायला आलेली, आणि नव्याने आलेली माणसं असतात तशी नियमांना फार चिकटणारी. आजची फेरी तिची होती.

वेंडेलने आर्डिसच्या खांद्यांवर आपला कोट टाकला. "जागा झकास निवडलीस. शेजार शांत दिसतोय."

आर्डिसला रडू येत होतं आणि हसूही. म्हणजे केली होती. खुर्ची उलटी केली होती. आपलं डोकं जाग्यावर आहे. क्रिस्टाचं क्रिस्टा बघेल. टायर तर कोणाचेही रुततात.

लुएला मात्र विजेरी घेऊन ट्रकच्या पलीकडे जाऊन आली, टेकाडावर उजेड फिरवला आणि काळजीने विचारलं, "मॅडम, आणि ते कुठे आहेत?"

"कोण?"

"तुमचे मिस्टर. दारातल्या दोन्ही खुर्च्या उलट्या होत्या. ते मदत आणायला चालत गेलेत का? कोणत्या बाजूला?"

वेंडेलने आर्डिसकडे पाहिलं. मग वेंडेल म्हणाला, "वारा असेल."

"लोखंडी खुर्ची? अहो, पाठ बरोबर पूर्वेला होती, दोन्हींचीही."

"तू इथला वारा अजून पाहिला नाहीस, लुएला. चल, दोर काढ."

ट्रक निघाला नाही. तो उद्या दोघा-तिघांनी मिळून काढायचं ठरलं. परतीच्या वाटेवर वेंडेल खजुराच्या बागेतल्या दुकानात खजुराची पेस्ट्री किती महाग झालीय त्याबद्दल बोलत राहिला. लुएलाने मध्ये एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग आरशात आर्डिसकडे, आणि तिलाही बहुतेक कळलं, कारण तिने पुढे काही विचारलं नाही. आर्डिसला तिचे प्रश्न परवडले असते. ही शांतता परवडत नव्हती.

दारात दिव्याच्या उजेडात दोन्ही खुर्च्या पाय वर करून पडल्या होत्या, शेजारी शेजारी, पाठी पूर्वेला. नीट, मन लावून ठेवलेल्या. घाईत केलेलं काम नव्हतं ते.

लुएला निरोप घेऊन गेली. आर्डिसने आपली खुर्ची सरळ केली. लोखंड सकाळसारखंच गार होतं. वेंडेल दुसऱ्या खुर्चीकडे वाकला.

"हात लावू नकोस," आर्डिस म्हणाली. "ज्याची त्यानेच सरळ करायची."

वेंडेल तसाच अर्धवट वाकलेला राहिला, मग हळूच ताठ झाला. त्याच्या तोंडावर जे आलं ते तिने वाचलं.

"तसं बघू नकोस. तो मेलाय हे मला माहीत आहे. आत्ता माहीत आहे." तिने कोटाच्या बाह्यांत हात ओढून घेतले. "सकाळी माहीत होतं की नाही, ते मात्र मला सांगता येत नाही."

"अगं, वय झालं की सगळ्यांचंच..."

"वेंडेल, माझ्याशी न्हाव्यासारखं बोलू नकोस."

दूर कोणाच्या तरी घरात पत्ते वाटल्याचा आणि हसण्याचा आवाज आला. आर्डिसने खिशातून ट्रकची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

"क्रिस्टाला आज काही सांगायचं नाही. उद्या ट्रक काढलात की तो तुझ्याच दारात लाव. ती खुर्ची आहे तशी उलटी राहू दे. रोज सकाळी कॉफी घेऊन बाहेर आलास की आधी तिच्याकडे बघ."

"बघेन. आणि?"

"ज्या दिवशी ती सरळ दिसेल, त्या दिवशी समज, माझ्या लेखी तो परत आलाय, आणि तूच क्रिस्टाला फोन कर. मला विचारू नकोस. मी तुला कारण सांगेन, चांगलं पटण्यासारखं सांगेन. ऐकू नकोस."

वेंडेलने मान हलवली. जरा वेळ तो उभा राहिला, बसावं असं त्याच्या मनात असावं, पण बसायला तिथे दुसरी खुर्ची नव्हती. मग तो आपल्या घराकडे गेला. त्याच्या खिडकीतला दिवा लागला, आणि पडदा नेहमीसारखा खाली आला नाही.

आर्डिस आत गेली नाही. थंडी वाढत होती, तरी ती आपल्या खुर्चीत, त्या दुसऱ्या खुर्चीच्या शेजारी बसून राहिली, दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून.